बैसाखीपुरता वाफा

लंगरात जेवून आलं की डोळे जड होतात. बैसाखीची दुपार, नांदेडचं ऊन, पंखा नुसता गरम वारा ढकलतोय. मी ओढणी तोंडावर घेऊन आडवी होते. झोप लागली की नाही हे कळायच्या आत बापूजी दारात चपला काढतात. त्यांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालंय.

"पुत्तर, विळा कुठंय?" ते विचारतात.

विळा कोनाड्यात आहे. मी हात घालते, तर कोनाड्याच्या पलीकडे आमचं शेतच आहे.

इकडे गहू होळीच्या सुमारास घरात येतो. बैसाखीला शेतं मोकळी. पण आमचे पूर्वज पंजाबातून आलेले, तिकडे गव्हाची कापणी बैसाखीलाच, म्हणून बापूजी दर वर्षी बांधालगतचा एक वाफा तसाच उभा ठेवायचे. दाणे गळायचे, पाखरं खायची, गाव हसायचं. बैसाखीच्या सकाळी ते तो हाताने कापायचे आणि पहिली पेंढी गुरुद्वाऱ्यात न्यायचे. मी चिडले की म्हणायचे, बैसाखीला गुरूंनी, शीर कोण देतो, अशी हाक दिली तेव्हा एवढ्या गर्दीतून पाचच जण उभे राहिले. आपला एक वाफा तरी उभा राहू दे. मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू.

खोटं मी गेल्या वर्षी बोलले. बापूजी दवाखान्यात होते. शेतात हार्वेस्टर फिरत होतं, ड्रायव्हरने विचारलं, हा तुकडा का ठेवायचा? मला समजावून सांगायचा कंटाळा आला. घे तोही, म्हणाले. ठेवला असता तर काय बिघडणार होतं? संध्याकाळी खाटेशी गेले तर बापूजींचा पहिला प्रश्न तोच. उभा आहे, मी सांगितलं. मग महिनाभर ते रोज विचारत राहिले आणि मी रोज तेच सांगत राहिले. बैसाखीच्या आदल्या दिवशी ते गेले.

आता दवाखान्याची ती खाट शेताच्या मधोमध आहे. भोवती कापलेल्या गव्हाची धसकटं. बापूजी खाटेवर बसलेत, विळा मांडीवर. सलाईनची नळी बांधापर्यंत गेलीय.

"बापूजी, मी तो वाफा कापू दिला," मी म्हणते. वर्षभर न बोललेलं वाक्य इतकं सहज निघतं याचीच लाज वाटते.

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्या संध्याकाळी पाणी पाजायला वाकलीस. बाहीला कुसळं होती."

मला राग येतो, त्यांचाच. माहीत होतं तर महिनाभर रोज का विचारत होता, म्हणून मी भांडायला लागते. ते अंगठ्याने विळ्याची धार बघतात. माझ्याकडे बघत नाहीत.

"रोज हाक देत होतो, पुत्तर. एकदाही उभी राहिली नाहीस."

मी काहीतरी बोलायला जाते, पण तोंडावर ओढणी आहे. ती बाजूला सारते तर पंखा फिरतोय, दार बंद आहे, उशी भिजलीय.

मनगटाशी टोचतंय. बाहीत गव्हाचं कुसळ अडकलंय, पिवळं, सुकलेलं. ओढायला जाते तसं ते आणखी आत शिरतं.

यंदा मी सगळ्या शेतात हरभरा पेरला होता.