तुईला पाजलेलं गूळपाणी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आता पंचाहत्तरी उलटली, तेव्हा लिहून टाकतो.

न्यूझीलंडमधल्या अल्बनीत आम्ही मुलाकडे राहायचो, तिथे शेजारी एक विधवा बाई राहायच्या, साधारण माझ्याच वयाच्या. तरुणपणी त्या अमेरिकेत होत्या. तिथे पक्ष्यांसाठी टांगलेल्या बाटलीतलं साखरपाणी संपलं की हमिंगबर्ड हे इवलेसे पक्षी थेट त्यांच्या तोंडासमोर येऊन घोंघावायचे. नवऱ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. "माणूस ओळखतात ते," त्या सांगायच्या. न्यूझीलंडमध्ये हमिंगबर्ड नाहीत, म्हणून त्यांनी कुंपणावर बाटली टांगली ती तुईसाठी. गळ्याशी पांढरा गोंडा असलेला काळा-निळा पक्षी. त्यातला एक रोज त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर बसून प्यायचा. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्या ओळखीचं त्यांना फार अप्रूप.

एका उन्हाळ्यात त्या पंधरा दिवस लेकीकडे वेलिंग्टनला गेल्या. "पाणी आणि साखर, बाकी काही नको," असं बजावून बाटली माझ्यावर सोपवली. मला वाटलं, दारी आलेल्याला नुसती साखर काय द्यायची? गुळाचा खडा विरघळवून भरला. दोन दिवसांत ते आंबलं. मी वास न घेता वरून ओततच राहिलो. तुई यायचा बंद झाला.

"अहो, पाहुणा पळाला तुमचा," बायको म्हणाली. "त्या आल्या की खरं काय ते सांगा."

"सांगतो."

बाटली घासून साखरपाणी भरून ठेवलं आणि गप्प बसलो. बाई परतल्या. आठवडाभर रोज सकाळी कुंपणाशी उभ्या राहिल्या.

"विसरला मला," शेवटी म्हणाल्या. मी नुसती मान हलवली.

पुढे घर विकून त्या कायमच्या लेकीकडे गेल्या. जाताना बाटली मला दिली. "बघा, तुम्हाला तरी ओळखतो का."

ओळखत होता. महिन्याभराने तोच आला, पण मी अंगणात असलो की लांबच्या फांदीवरून नुसता खाकरायचा. बायको एकटी अंगणात असली की खाली उतरायचा.

"डूख धरलाय तुमच्यावर," ती म्हणाली.

मला मात्र हायसं वाटलं. पक्षी धडधाकट होता, आणि माझा गूळ लक्षात ठेवणारा तो बाईंनाही विसरला नव्हता. लगेच वेलिंग्टनला फोन लावला.

"येतो का तो?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"येतो. पण मला बघितलं की पळतो. त्याला तुम्हीच लागता."

त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या. "मी सांगत नव्हते? ओळखतात ते."

त्या हसण्याने माझ्या छातीवरचा दगड बराचसा उतरला. पण गुळाचं काही तोंडातून निघेना. हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवला. त्याच हिवाळ्यात त्या वारल्या.

बाई, तुई तुम्हाला विसरला नव्हता. तुम्ही नको म्हटलेलं असताना मी त्याला गूळ पाजला, म्हणून तो बाटलीपाशी फिरकेना. तुम्ही रोज वाट बघत होतात आणि मी कुंपणाच्या अलीकडे सगळं माहीत असून गप्प उभा होतो. माझं चुकलं. मला माफ करा.