कळसामागची चिमणी

या ग्रुपवरचे भुताचे अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आणि हे भुताचं नाहीच मुळी... पण मग काय आहे, ते मला सांगता येत नाही.

माझं माहेर लालबागचं, सासर वरळी कोळीवाड्यातलं. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. त्यांची छोटी होडी आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आणि त्याआधी एकदा समुद्रात जाऊन यायचंच, असा हट्ट त्यांनी धरला. नवरा ड्युटीवर, म्हणून रजा टाकून मी सोबत गेले.

जाताना सगळं ठीक होतं. परतताना थंडीतलं धुरकं इतकं दाटलं की किनाराच दिसेना. आमच्या बंदरात शिरायची वाट म्हणजे दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक, मधे जेमतेम होडीपुरती जागा. मोबाइलच्या मॅपवर रस्ते असतात, खडक नसतात! डावीकडून लाटा फुटल्याचा आवाज येत होता. मी बाबांचा शर्ट घट्ट धरून बसले.

बाबा शांतपणे म्हणाले, "माझ्या डोळ्यांचं काय खरं नाय. तू बघ. देवळाचा कळस दिसतो का?"

जरा वेळाने दिसला. अंधुक.

"आणि मागे चिमणी?"

तीही दिसली — उंच, विटांची, गिरणीची. लालबागच्या मुलीला चिमणी ओळखायला शिकवावी लागत नाही. कळसाच्या किंचित उजवीकडे होती, तसं मी सांगितलं. "चिमणी कळसामागे लपली की तीच आत शिरायची वाट. आली की सांग," म्हणत बाबांनी होडी डावीकडे घेतली... लाटा फुटत होत्या त्याच अंगाला! चिमणी बरोब्बर कळसामागे आली तशी मी "आली" म्हणाले, आणि ते सरळ आत शिरले. दोन्हीकडचे खडक हातभर अंतरावरून मागे गेले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला की ती चिमणी आमच्या लग्नाआधीच पाडली, आता तिथे टॉवर आहे. पुढे स्वच्छ उन्हात त्याच जागेवरून मी मुद्दाम पाहिलं. कळसामागे नुसती काच. भास म्हणावा, तर होडी खडकावर आपटायला हवी होती ना?

होडीतून परतलो त्याच रात्री, नवऱ्याचं ऐकून, जेवताना बाबांना विचारलं होतं. चिमणी नाही हे त्यांना ठाऊक होतं. जुन्या सवयीने तोंडातून गेलं, म्हणाले.

"मग माझ्या सांगण्यावर होडी घातलीत कशाला?"

"तू दिसते म्हणालीस ना," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पापलेटाची मधली तुकडी माझ्या ताटात वाढली.