साडूभाऊंचा डोंगा

माझ्या साडूभाऊंइतका डोंग्यात बुडालेला माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे साठी उलटेपर्यंत ते एकाही डोंग्यात बसले नव्हते. इंग्रजांच्या काळात त्यांचे आजोबा कन्हान नदीवर डोंगा चालवायचे, गोऱ्या साहेबाला घोड्यासकट पलीकडे न्यायचे म्हणे. घोड्याचं मला पटत नाही, पण साडूभाऊंना मध्येच टोकायची सोय नाही. एवढ्या भांडवलावर त्यांना सगळीकडे डोंगाच दिसायचा. लग्नाला जीप निघाली, की हे वजनं बघून माणसं बसवणार. माझ्या आत्याला भर रस्त्यात उठवलं. "आत्याबाई, तुमी मधात या. इकडून कलंडून राहिली ना गाडी!" आत्या पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

निवृत्तीनंतर मात्र हद्द झाली. त्यांच्या पंच्याऐंशीच्या मातोश्री नवरी होऊन सासऱ्याच्याच डोंग्यातून नदी ओलांडून आल्या होत्या. "एकडाव तसंच माहेरच्या काठाले जाऊ दे," एवढंच त्यांचं मागणं. डॉक्टरांनी हृदयाचं जे सांगितलं, त्यावरून वेळ फार नव्हता. साडूभाऊंनी कन्हानच्या सुताराकडून सागवानी फळ्यांचा डोंगा करवून घेतला आणि मनीषनगरच्या आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जावयासारखा ठेवला. रोज कोरड्या फडक्यानं पुसायचा, ओल नको म्हणून वर टेबलफॅन! असे दोन महिने.

मुहूर्तावर नारळ फोडून डोंगा नदीत लोटला. पाच मिनिटांत फटीफटीतून पाणी आत. साडूभाऊ रडवेले होऊन प्रसादाच्या गंजानं, म्हणजे पातेल्यानं, पाणी उपसू लागले. काठावर खुर्चीत बसलेल्या मातोश्री इतक्या हसल्या की आम्हीच घाबरलो. "काहून उपसून राहिला गा? वाळवून वाळवून तहानेनं मारलं त्याले! गोटे भर अन् बुडव. आठ दिवस पाणी पिऊ दे, लाकूड फुगते अन् फटी बुजते."

आठ दिवस हा बाबा रोज सकाळी बुडालेल्या डोंग्याकडे बघत काठावर बसला. "तोवर मायले काही झालं तं?" मला विचारायचे.

नवव्या दिवशी गोटे काढले, पाणी उपसलं. आत टिपूस येईना! एका म्हाताऱ्या मासेमारानं वल्हं धरलं, मध्ये मातोश्री, मागे आम्ही दोघं. पलीकडे टेकल्यावर साडूभाऊंनी हात दिला. "माय, आलं तुयं माहेर. उतर." मातोश्रींनी काठाकडे पाहिलं.

"उतरून कोनाले भेटू गा? कोनीच नाई राहिलं आता." मग त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला. "तू आनलं ना मले, झालं. थोडकं बसू दे."

साडूभाऊ तिथेच त्यांच्या पायाशी बसले आणि लेकरासारखे रडले. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.