‘बॉश!’ म्हणणारे फोरमन

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. करंदीकर फोरमनची नोकरी मी घालवली, आणि ठरवून घालवली.

तेव्हा पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते. त्यांतल्या एकात मी लेथ मशीनवर होतो. करंदीकर गोऱ्या साहेबांच्या हाताखाली शिकलेले. बोलणं शुद्ध मराठी, पण चिडणं इंग्रजी. चहा गार झाला, “टट्-टट्!” काम बिघडलं, “पूः!” आणि माणूसच मनातून उतरला की “बॉश!”, म्हणजे शुद्ध भंकस. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांना विचारायचो, “काय राव, आज किती बॉश खाल्ले?” मात्र सुताभराची चूक ते नुसतं बोट फिरवून ओळखत.

माझे वडील चाकणजवळच्या एका गावचे लोहार. कारखान्यात काम मिळेल म्हणून स्वतः घडवलेली छिन्नी घेऊन आले. “सायेब, बघा तरी. आमच्या भट्टीतली हाय.”

करंदीकरांनी तिच्यावर नख वाजवलं. “बॉश!” आणि ती भंगाराच्या पेटीत टाकली.

वडिलांनी सगळ्यांदेखत वाकून ती उचलली, धोतराला पुसली. फाटकापाशी मला म्हणाले, “तू कामावर जा. सायबाला उलटून बोलू नगंस.”

मी बोललो नाही. वाट पाहिली.

खंडेनवमीला यंत्रं पुसून, हार-कुंकू वाहून पुजायची आणि मग दिवसभर बटणाला हात लावायचा नाही, हा आमचा नेम. पूजा आटोपून सगळे प्रसादाला बाहेर गेले. मी मागे फिरलो, लेथ चालू केला आणि पळालो. हार गुंडाळून तुटला, नारळ उडाला. आवाजानं सगळे धावत आत आले, तेव्हा केबिनमधून बंद करायला आलेल्या करंदीकरांचा हात बटणावर होता.

“पुजलेलं मशीन चालवलंत व्हय?” कुणीतरी ओरडलं.

“मी पाहिलं. साहेबांनीच,” मी गर्दीतून म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “बॉश!”

झालं. पूजेलाच बॉश म्हणाला, असा एकच गलका उठला. त्यांच्या हाताखाली कुणी काम करेना. आठवड्याभरात त्यांना काढलं. वाईट वाटलं का? छे. वडिलांचं वाकणं फेडलं, असं वाटून मला जेवण गोड लागलं.

जायच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. “केबिनच्या काचेतून मी तुला पाहिलं होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“मॅनेजरला सांगितलं ना. त्यांनी तुम्हा लोकांना विचारलं. इतकी वर्षं मी ज्यांचं ऐकून घेतलं नाही, ते माझं कशाला ऐकतील?”

ते वारल्याचं मागच्या वर्षी कळलं. आमच्या खात्यातले पाच-सहा जण अजून इकडेच राहतात. भेटले की करंदीकरांच्या नावानं बोटं मोडतात आणि मी मान हलवतो. त्या पाच-सहा जणांसमोर उभं राहून “लेथ मी चालू केला होता” एवढं सांगणं, हे मी करंदीकरांचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.