बघू नकोस म्हणाली होती

नलूच्या यजमानांचा, अरविंदरावांचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. "वहिनी, नलू गेली," एवढंच म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला... पोह्यांचा लगदा झाला. तो टाकून दिला, कोट चढवला आणि निघाले. अमेरिकेतल्या आमच्या या बॉथेल गावात मराठी घरं मोजकीच. नलू पुण्याची, मी नागपूरची. तिकडे असतो तर आमची गाठ पडली असती की नाही, देव जाणे. इथे मात्र शेजार जुळला. ती तोंडाची फटकळ, आणि मीही काही कमी नाही, त्यामुळे आमचं रोज भांडण आणि रोज एकत्र चहा.

तिला जाऊन आता दीड महिना होईल. लोक अजून विचारतात, सुधाताई, तुम्ही एवढ्या जवळच्या, मग अंत्यदर्शन का नाही घेतलंत? काय सांगणार? त्यासाठी होनोलुलूपासून सुरुवात करावी लागते.

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. दोघींच्या नवऱ्यांची तिथे कॉन्फरन्स होती, म्हणून आम्हीही शेपटासारख्या मागोमाग गेलो. ते मीटिंगांमध्ये, आम्ही बसने गावभर. एका दुपारी जपानी देऊळ दिसलं म्हणून उतरलो. मोठी कमान, पुढे पाण्याची दगडी डोणी, तिच्यावर लांब दांड्याच्या लाकडी पळ्या. नलूने पुढे होऊन तळहातावर पाणी घेतलं, पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. देवळातल्या एक जपानी आजी लगबगीने आल्या आणि मोडक्या इंग्रजीत, खाणाखुणा करत त्यांनी दाखवलं: आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग चूळ भरून बाजूला टाकायची.

"अगं बाई! तीर्थ थुंकायचं?" नलू माझ्या कानाशी म्हणाली. "गेलं आता ते पोटात. हिला सांगू नकोस."

आजींना कळलंच असावं. हसून त्यांनी आम्हाला पायरीवर बसवलं आणि त्या पाण्याची गोष्ट सांगितली. सृष्टीच्या आरंभी एक देव आणि त्याची बायको. अग्नीला जन्म देताना बायको भाजून मेली. तो तिला परत आणायला अंधाराच्या देशात गेला. दाराआडून ती म्हणाली, थांब, मी इथल्या देवांना विचारून येते. तोवर माझ्याकडे बघू नकोस. त्याला धीर निघेना. केसांतल्या फणीचा दात मोडून त्याने पेटवला आणि बघितलं... तिच्या अंगावर अळ्या वळवळत होत्या. तो पळत सुटला, ती संतापून मागे. शेवटी वाटेत भली मोठी शिळा लावून त्याने तिला तिकडेच बंद केलं आणि नदीत अंघोळ केली. त्या अंघोळीतून सूर्यदेवी जन्मली. देवळात येताना हात-तोंड धुवायचं ते म्हणून.

"म्हणजे आपण स्मशानातून आल्यावर करतो तसंच," मी म्हटलं. नलूचं लक्षच नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानात तिने एक लाकडी फणी घेतली आणि परतीच्या बसमध्ये तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "मेल्याला एवढंसं थांबता येईना! ती बिचारी येतच होती की." मग फणी हातात फिरवत एकदम म्हणाली, "सुधे, मी सांगितलं तर तू ऐकशील? नाही ना बघणार?"

"तू आधी मर तर खरी," मी म्हटलं. बसमधले लोक वळून बघायला लागले इतक्या हसलो आम्ही. 

गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. कमरेपर्यंतचे केस गेले. शेवटी शेवटी तिने माझ्यासाठी खोलीचं दार उघडणं बंद केलं. अरविंदराव आणि मुलगी आत जायचे; मी बाहेर कार्पेटवर चहाचा कप घेऊन बसायचे, आणि आम्ही दाराआडून भांडायचो. "एका तरी माणसाला मी धड आठवू दे," म्हणायची. एकदा दार किलकिलं झालं आणि होनोलुलूची ती फणी धरलेला तिचा हात बाहेर आला. नुसती हाडं. "घे, मला आता काय उपयोग? आणि इथले लोक मेलेल्या बाईला लिपस्टिक लावतात म्हणे. सगळ्यांनी खुशाल बघावं. तू नाही. होनोलुलूला विचारलं होतं ना?"

मी हो म्हटलं.

फ्यूनरल होममध्ये एकेक जण आत जाऊन डोळे पुसत बाहेर येत होता. तिची मुलगी माझा हात धरून म्हणाली, "आँटी, शी लुक्स सो पीसफुल." अरविंदरावांनी तर हात जोडले, "वहिनी, एकदा बघून घ्या. नंतर हळहळाल." माझा जीव नुसता तुटत होता. चार पावलांवर ती होती. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिले. बाकीच्यांनी काय म्हणायचं ते म्हटलं.

त्या देवाने बघितलं, शिळा लावली, अंघोळ केली आणि मोकळा झाला. मी बघितलंच नाही, म्हणून माझी शिळा काही लागत नाही. फणी माझ्या पर्समध्ये असते. तिच्यात नलूचा एक लांब केस अडकलाय. तो काढायला हात धजत नाही.

परवा अरविंदरावांनी तिच्या साड्या आवरायला बोलावलं. कार्पेटवर माझ्या कपाचा डाग तसाच आहे. खोलीचं दार लोटलेलं होतं. मी सवयीने टकटक केलं. "नलू, येऊ का?"

"वहिनी... उघडंच आहे," मागून अरविंदराव हळूच म्हणाले.

मला माहीत होतं. तरी ती काय म्हणते, याची वाट बघत मी उभीच राहिले.