आवडाबाईसाठी थांबलेला बाजा

सदा सनईवाल्याला जगात कोणीच पसंत नव्हतं. बोर्ली पंचतनच्या अलीकडच्या त्या गावात तो तोंड उघडायचा ते सनई फुंकायला, नाहीतर कुणाला तरी नावं ठेवायला. शेजारची आवडाबाई त्याला 'भिकार वाजंत्री' म्हणायची, तो तिला 'खवट खोबरं'. बांधावरच्या एका फणसावरून दोघांनी जन्मभर भांडण जोपासलं होतं.

पण खरी तुच्छता त्याने राखून ठेवली होती गणराजसाठी. गावचाच पोरगा. मुंबईत राहून आला आणि किनाऱ्यावर बड्या लोकांची लग्नं लावून द्यायचा धंदा थाटला. मांडवाला 'व्हेन्यू' म्हणायचा आणि सनई-ढोलाच्या खालूबाजाला 'लाइव्ह परफॉर्मन्स'. ज्याच्या बारशाला आपण वाजवलं तो आता आपल्याकडून करारावर सही घेतो, याची सदाला किळस यायची. सही मात्र त्याने केली. सीझनची सगळी लग्नं सदाच्याच बाजाला. वाजवलं नाही तर भरपाई. पोटापुढे कुणाचा ताठा चालतो?

पहिल्याच लग्नाची वरात निघायच्या बेतात होती आणि गावातून निरोप आला, आवडाबाई गेली. मुलगा मुंबईहून संध्याकाळी पोचणार, तोवर प्रेत घरातच. गावात मढं असताना लग्नाचं वाजवायचं नाही, ही रीत. गणराज म्हणाला, आपण इथे किनाऱ्यावर, तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाव्हण्यांना कळणार कसं? जाता जाता पण नुकसान करून गेली बया, असं पुटपुटत सदाने सनई पिशवीत घातली आणि आपली माणसं घेऊन चालू पडला.

नवऱ्या मुलाच्या बापाने गणराजचे पैसे कापले. सकाळी गणराज गाडी घेऊन सदाच्या दारात. भरपाई द्या, नाहीतर ढोल द्या. ढोल सदाच्या बापाचा. तो गेला की बाजा संपला. करारात मयताचं कुठे लिहिलंय, असंही गणराजने विचारलं. चपलेला लागलेल्या शेणाकडे बघावं तसं सदाने त्याच्याकडे बघितलं.

"काका, ती तुमची कोण लागत होती?"

"कोन न्हाय. तोंड बघायच्या लायकीची नव्हती."

"मग?"

सदाने आत जाऊन ढोल आणला आणि स्वतःच्या हाताने गाडीत ठेवला.

"घे भरपाई. आनि आयक. उद्या तू मेलास तरी तुजं मढं उचलंपर्यंत या गावात कोन वाजवनार न्हाय. तुज्यासारक्यासाठी पन."

गणराज खाली बघत उभा राहिला. ढोल मात्र त्याने नेला.