सात नंबरचं भिंग

वाचनालयात तिला सगळे ठिणगी म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? वय त्रेपन्न, उंची बेताची आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. ग्रंथपालबाईंनी एकदाच तिला "जरा सबुरीने घ्या" असं सुचवलं होतं. त्यानंतर महिनाभर त्या मागच्या जिन्याने ये-जा करत होत्या.

पण पहिल्या मजल्यावरचा संगणक कक्ष उभा केला तो तिनेच, हेही कुणी नाकारत नसे. कुठल्याशा कचेरीने भंगारात काढलेले चौदा संगणक तिने उचलून आणले, उघडले, त्यांच्या पोटातली धूळ दाढीच्या ब्रशने काढली आणि त्यांच्यावर लिनक्स चढवलं. लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नाही. ठिकठिकाणच्या मंडळ्या आपापल्या आवडीने त्याची गाठोडी बांधून वाटतात. अशा गाठोड्याला डिस्ट्रो म्हणतात. आणि एकाच डिस्ट्रोत डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, एकाहून जास्त असतात. एकाच घरात दोन सुनांनी दोन चुली मांडाव्यात, तशातला प्रकार. चौदाही संगणकांवर नाव टाकायच्या पडद्यावर कोपऱ्यात एक दातेरी चाक होतं. त्यावर टिचकी मारली की दोन नावं उघडत. एक जुना डेस्कटॉप: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, सगळं जिथल्या तिथे. दुसरा नवा: पट्टी नाही, यादी नाही, नुसता मोकळा पडदा. "धुऊन ठेवलेला ओटा," असं ठिणगी त्याला म्हणायची.

जुना म्हणजे तिचा जीव की प्राण. नुसता वापरायला नव्हे. कक्षातल्या डिस्ट्रोसाठी जुन्या डेस्कटॉपची पॅकेजं, म्हणजे गाठोड्यातल्या सुट्या पुड्या, बांधायची, दुरुस्त करायची, प्रत्येक नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यायची, हे काम अकरा वर्षं ती बिनपगारी करत होती. नव्याची पॅकेजं बांधणारा माणूस दूर कुठेतरी राहायचा. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. डिस्ट्रो चालवणाऱ्या मंडळाच्या यादीत दोघांची नावं लागून येत, म्हणून ती त्याला शेजारी म्हणायची. आणि शेजाऱ्याशी नाही तर भांडायचं कुणाशी? नऊ वर्षं पत्रांतून दोघांचं वाजत होतं.

सात नंबरच्या संगणकावर, खिडकीपाशी, तिचे वडील बसत. ते निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि मग डोळेच गेले. मधोमध एक चिंचोळी फट तेवढी उरली. पण पडद्यावरचं भिंग चालू केलं की काळ्यावर पिवळी, बोटभर उंचीची अक्षरं उमटत आणि एका वेळी तीन शब्द दिसत. त्या तीन-तीन शब्दांवर बाबा लोकांचे अर्ज लिहून देत. बदलीचा अर्ज, शाळाप्रवेशाची विनंती, नळाची तक्रार. लोक सकाळपासून खुर्च्या धरून बसत. एकोणऐंशीव्या वर्षी आपली रोज कुणाला तरी गरज लागते, ही काही लहान गोष्ट नव्हती. बाबा त्यासाठी रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून येत.

"तो नवा डेस्कटॉप कसा असतो गं?" त्यांनी मागे कधीतरी विचारलं होतं.

"त्याच्या नादी लागू नका. त्यात भिंग उड्या मारतं. तुम्ही एका ओळीत आणि ते तिसऱ्याच ओळीत."

बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

मंडळाचं पत्र आलं ते सोमवारी. पुढच्या आवृत्तीपासून ज्या डेस्कटॉपला सांभाळणारे किमान दोघं नाहीत, तो गाठोड्यातून काढला जाईल. दुसरं नाव शुक्रवारपर्यंत कळवावं. माणसं कमी, काम फार, सबब क्षमस्व.

ठिणगीची तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांत ज्यांनी कधी "बाई, जिवंत आहात ना?" एवढंही विचारलं नाही, ते आता चार ओळींत दार दाखवत होते! दोन डेस्कटॉप असतात ते हौस म्हणून नव्हे. एकाचे हात एका मांडणीला सरावलेले असतात, दुसऱ्याचे दुसरीला. कुणाच्या हातातलं काय काढून घ्यायचं हे ठरवणारे हे कोण टिकोजीराव? तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण दुसरं नाव आणायचं कुठून? अकरा वर्षांत मदतीला चौघं आले होते आणि चौघंही तिचं एकेक खरमरीत पत्र वाचून पसार झाले होते. हे तिलाही ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणून राग आणखीच चढला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या, चपला पायात तशाच ठेवून, तिने पत्र लिहायला घेतलं. कारस्थान शेजाऱ्याचंच, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तुम्हाला सगळं घर एकट्याला हवं होतं. लोकांच्या पडद्यावरच्या पट्ट्या काढल्यात, याद्या काढल्यात, आता माणसं काढा. तुमच्या हातून आजवर एका तरी गरजू माणसाचं भलं झालंय का? अशी दोन पानं.

त्या घरात एक रीत होती. महत्त्वाचा कुठलाही कागद बाबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. तिचा नोकरीचा अर्ज, तिच्या लग्नाची पत्रिका, घराचा करारनामा, सगळं त्यांच्या हातून गेलेलं.

"बाबांना दाखवलंस?" नवऱ्याने विचारलं. तो शिंपी, कोट मांडीवर घेऊन काजं करत बसला होता.

"त्यात चुका नाहीत."

"चुका नसतील गं. पण माप न घेताच कापड कापतेयस."

"तू तुझी काजं कर." आणि तिने पत्र पाठवून दिलं, मंडळातल्या झाडून सगळ्यांना दिसेल असं.

झोपून उठल्यावर राग उतरायला हवा होता. तो मुरला. मंगळवारी वाचनालय उघडायच्या तासभर आधी ती कक्षात गेली. तिच्या टेबलावरून चौदाही संगणकांना एकदम हुकूम सोडता यायचा. तिने सोडला: नवा डेस्कटॉप मुळासकट काढा. माझ्या खोलीत त्याचं नावनिशाण नको!

संगणकाने रिवाजाप्रमाणे यादी दाखवली. एकशे त्रेसष्ट पॅकेजं निघतील, पुढे जायचं? नवशिक्यांना ठिणगी अकरा वर्षं ओरडून सांगत आली होती, आधी यादी वाचा, मग 'हो' म्हणा. तिने यादी वाचली नाही. 'हो' म्हटलं, आणि सगळे संगणक बंद करून पुन्हा चालू केले.

चौदा काळे पडदे. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय, बस्स.

कारण नाव टाकायचा तो दातेरी चाकाचा पडदा मुळात नव्या डेस्कटॉपचा होता. जुना तो उसना वापरत होता. चुली दोन, पण पाणी एकाच पिंपातलं. हे जगात कुणाला ठाऊक असेल तर तिलाच, कारण ती जोडणी तिनेच केलेली होती.

दार उघडलं, लोक आले. बाबा काठी टेकत सात नंबरवर येऊन बसले. त्यांच्यामागे एक परिचारिका उभी होती. तिची आई दुसऱ्या शहरात अंथरुणाला खिळलेली, आणि बदलीचा अर्ज दुपारी दोनच्या आत द्यायचा होता. बाबांनी सवयीने कळा दाबल्या. पुन्हा दाबल्या.

"काय झालं गं?" त्यांनी हळूच विचारलं. "पडदाच काळा आहे, की मलाच दिसेनासं झालंय?"

"पडदाच काळा आहे, बाबा. मी करून ठेवलाय."

सात नंबरवर तिने हाताने हुकूम टंकून वीस मिनिटांत जुना डेस्कटॉप उभा केला. पट्टी आली, यादी आली. भिंग आलं नाही. तेही एकशे त्रेसष्टांतलंच होतं. बाबा पडद्याला नाक टेकवून बघत राहिले, परिचारिका घड्याळ बघत राहिली. शेवटी बाबांनी तोंडी सांगितलं आणि ठिणगीने टंकून घेतलं. अर्ज झाला. पण जाताना परिचारिकेने आभार मानले ते ठिणगीचे. बाबांचे हात मांडीवर रिकामे पडले होते. ते बघून ठिणगीला स्वतःचा असा संताप आला की आपल्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

भिंग हवं तर नवा डेस्कटॉप परत आणणं भाग होतं. वाचनालयाचं इंटरनेट रडतखडत चालणारं; सगळं उतरवायला दोन तास तरी हवेत. बसल्या बसल्या, निदान शिव्या कुणाला घालायच्या ते कळावं म्हणून, तिने भिंगाच्या पॅकेजमधली बदलांची यादी उघडली. या वेळी मात्र ती शेवटपर्यंत वाचली.

सात वर्षांपूर्वीची ओळ: 'जुन्या डेस्कटॉपवरही भिंग चालेल असं केलं. एका बाईंच्या वडिलांची दृष्टी अधू आहे, त्यांनी मागितलं होतं.' खाली नाव शेजाऱ्याचं. बाई कोण, ते तिला वेगळं सांगायला नको होतं. तिने ते भांडूनच मागितलं होतं, आणि मिळाल्यावर साफ विसरून गेली होती.

चार वर्षांपूर्वीची ओळ: 'नव्या डेस्कटॉपवर भिंगाच्या उड्या थांबवल्या. आता ओळीत जास्त शब्द मावतात.'

दुपारी सात नंबरवर दातेरी चाक परत आलं. ठिणगीने त्यावर टिचकी मारून नव्या डेस्कटॉपचं नाव निवडलं आणि भिंग लावलं. ते ओळीवर येऊन स्थिरावलं आणि तिच्या बोटांबरोबर निमूटपणे पुढे चालू लागलं.

बाबांनी वाकून बघितलं आणि बोटाने मोजलं. "पाच शब्द दिसताहेत." मग त्यांनी विचारलं, "हे असं कधीपासून आहे?"

खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "चार वर्षं झाली."

"तुला माहीत होतं?"

"नाही. मी बघितलंच नाही कधी."

बाबा पुन्हा पडद्याकडे वळले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर कसं द्यायचं ते तिला येत होतं.

बुधवारी तिने ते पाठवलेलं पत्र स्वतःहून त्यांच्यापुढे उघडलं. पाच-पाच शब्द करत बाबांनी दोन्ही पानं वाचली. अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ ती शेजारी उभी होती.

"मंडळाला जे सुनावलंयस, त्यातलं अक्षर हलवू नकोस," ते म्हणाले. "न विचारता लोकांच्या हातातलं काढून घ्यायचं नसतं. या माणसाबद्दलचं सगळं खोड."

"पाठवून झालंय, बाबा."

"मग शुद्धिपत्र पाठव. चूक छापून गेली तर आम्ही तेच करायचो."

तिने सहा ओळी लिहिल्या. माफी मागितली, आणि जुन्यासाठी दुसरं नाव तुमचं देता का, असं विचारलं. बाबांनी तपासून त्यातला एक 'पण' काढला. मग तिने पत्र पाठवलं.

शेजाऱ्याचं उत्तर गुरुवारी आलं. 'शुद्धिपत्र मिळालं. भिंग मी सांभाळत आलो, यापुढेही सांभाळीन. तुमचे वडील जुना वापरत असतील तर त्यावरही. मंडळाच्या बैठकीत जुना काढू नका असं म्हणणारा मी एकटाच होतो. तरी तुमच्या नावाशेजारी माझं नाव देणार नाही. नऊ वर्षं पुरे झाली.'

शुक्रवार संपला आणि जुना डेस्कटॉप गाठोड्यातून निघाला. अकरा वर्षांचं काम. ठिणगीने मंडळाच्या नावाने बोटं मोडली, टेबलाचा खण आपटला, विचारायला आलेल्या ग्रंथपालबाईंना पुन्हा मागच्या जिन्याला लावलं. खापर फोडायला ती दिवसभर डोकं शोधत होती, आणि दर वेळी आपलंच सापडत होतं.

शनिवारी कक्षात गर्दी नव्हती. बाबा सात नंबरवर काहीतरी टंकत होते. मंगळवारपासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. शेवटी तिला राहवलं नाही.

"बाबा, एकदा काय ते बोला मला. तुम्हाला माझा राग येत नाही का?"

"येतो की." त्यांची बोटं थांबली नाहीत. "चार वर्षांचा आहे. लिहून काढतोय. तुला द्यायच्या आधी एकदा नीट तपासून घेईन म्हणतो."

ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. काळ्या पडद्यावर पिवळी, बोटभर उंचीची अक्षरं होती: माझ्या मुलीने मला न विचारता.

पुढचे शब्द भिंगाबाहेर होते. ठिणगी तिथेच उभी राहिली, भिंग पुढे सरकायची वाट बघत.